तळघरांतील शाळा

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९च्या सेंट जर्मेन तहाने, आल्प्सच्या दक्षिणेकडील जर्मनभाषक दक्षिण टायरॉल प्रांत ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या राजवटीने गावांची नावे बदलली. १९२३पासून शाळांतून जर्मन भाषा क्रमाक्रमाने हद्दपार केली. तेव्हा मिखाएल गाम्पर या धर्मोपदेशकाच्या प्रेरणेने घराघरांत, तळघरांत गुप्त वर्ग भरू लागले. तेथे शिकविणाऱ्या तरुणींनी प्रसंगी कारावासही सोसला.

१९३९ साली याहून क्रूर पेच पुढे आला. भाषा हवी तर भूमी सोडा, भूमी हवी तर भाषा विसरा! जर्मनत्वाचा डिंडिम पिटणाऱ्या हिटलरनेच मुसोलिनीच्या मैत्रीसाठी या भाषाबांधवांचा सौदा केला. बहुसंख्यांनी स्थलांतराच्या बाजूने कौल दिला. सुमारे ७५ हजार जणांनी प्रत्यक्षात घर सोडले.

युद्धानंतर १९४६चा पॅरिस करार झाला. पण त्याची अंमलबजावणी रखडली, बाँबस्फोटही झाले. अखेर १९७२च्या स्वायत्तता कायद्याने मार्ग निघाला आणि १९९२मध्ये वाद अधिकृतपणे मिटला. आज तेथील दोन तृतीयांशांहून अधिक रहिवासी जर्मनभाषक आहेत आणि प्रांत इटलीतच आहे. दडपशाहीने जे साधले नाही, ते मातृभाषेला मान दिल्याने साधले. मात्र तो मान मिळेपर्यंत भाषा जिवंत ठेवली, ती तळघरांतील त्या शाळांनी!