बंदूक कोणाच्या हातात 'हक्क' आणि कोणाच्या हातात 'धोका'?

अमेरिकेत शाळेत किंवा बाजारात गोळीबार झाल्याची बातमी आली की आपल्या घरांत एकच प्रश्न निघतो : एवढी माणसं मरतात, तरी तिथलं सरकार बंदुकांवर बंदी का घालत नाही? ज्यांची मुलं, नातेवाईक तिथे राहतात त्यांच्यासाठी तर ही काळजीचीच गोष्ट. याचं उत्तर बंदुकीच्या दुकानात कमी आणि सरकारविषयीच्या अविश्वासात जास्त सापडतं.

'स्मॉल आर्म्स सर्व्हे'च्या २०१८ च्या अंदाजानुसार अमेरिकन नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी बंदुका आहेत. दर शंभर माणसांमागे जवळपास १२०. याला आधार १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा. २००८ साली हेलर खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. पण एक मोठा वर्ग याच्याही पुढे जातो. तो म्हणतो, उद्या सरकारच जालीम झालं तर त्याच्याशी लढायला हत्यार हवं.

हा अविश्वास अगदीच हवेतला नाही. १९९२ मध्ये आयडाहो राज्यातल्या रूबी रिज इथे एका कुटुंबाच्या घराला वेढा पडला. तान्हं मूल हातात घेऊन दारात उभी असलेली आई सरकारी गोळीने मेली. १९९३ मध्ये टेक्सासमधल्या वेको इथे एका पंथाच्या वस्तीला ५१ दिवस वेढा होता. शेवटी आग लागली आणि ७६ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. सरकारच्या चुका झाल्या, हे नाकारता येत नाही.

पण त्याचा 'बदला' कसा घेतला गेला? बरोबर दोन वर्षांनी, १९ एप्रिल १९९५ ला, ओक्लाहोमा सिटीतली सरकारी इमारत ट्रक-बॉम्बने उडवली गेली. १६८ माणसं मेली. त्यातली १९ मुलं. बॉम्ब ठेवणारा टिमोथी मॅकव्हे हा आखाती युद्धात लढलेला माजी सैनिक. बॉम्ब त्याने ठेवल्याचं उघड होण्याआधी मात्र चर्चा सुरू झाली होती ती 'मध्यपूर्वेच्या दहशतवाद्यां'ची, आणि बोटं मुसलमानांकडे वळली होती. गुन्हा कोणाचा आणि संशय कोणावर!

इथेच खरा मुद्दा येतो. सशस्त्र प्रतिकाराचा हा हक्क सगळ्यांना सारखा मिळतो का? १९६७ मध्ये ब्लॅक पँथर्सचे कृष्णवर्णीय तरुण पोलिसांवर नजर ठेवायला उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागले. तेव्हा कॅलिफोर्नियाने भरलेली बंदूक जाहीरपणे बाळगण्यावर बंदी आणली. कायद्यावर सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय माणसाने गाडी अडवणाऱ्या पोलिसाला आपल्याकडे बंदूक असल्याचं स्वतःहून सांगितलं. त्याच्याकडे परवाना होता. तरी तो गोळीने मेला आणि पोलीस निर्दोष सुटला. त्याच वर्षी ओरेगॉनमध्ये सशस्त्र गोऱ्या लोकांनी एका सरकारी अभयारण्याचं कार्यालय ४१ दिवस ताब्यात ठेवलं. त्यांचे प्रमुख नेते त्या खटल्यात ज्युरीकडून सुटले.

मे २०१५ मध्ये तर फिनिक्सच्या एका मशिदीबाहेर काही लोक बंदुका घेऊन निदर्शनं करायला आले. म्हणजे जुलमी सरकारसाठी म्हणून ठेवलेली बंदूक प्रत्यक्षात अल्पसंख्याकांच्या इबादतगाहसमोर उभी राहिली. मशिदीतल्या लोकांनी काय केलं? निदर्शकांना आत बोलावलं. काही जण खरंच आत गेले, नमाज पाहिली आणि बाहेर येऊन त्यांची भाषा बदलली.

सरकारला बंदुकीचा धाक वाटतो, हा समजही तपासून पाहावा. १७९४ मध्ये दारूवरच्या कराविरुद्ध शेतकऱ्यांनी बंड केलं तेव्हा स्वतः जॉर्ज वॉशिंग्टन सुमारे १३ हजारांची फौज घेऊन निघाले होते. सशस्त्र बंड मोडायला सरकारला निमित्त लागत नाही. ते बंडखोरच पुरवतात. उलट एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ मधल्या चळवळींचा अभ्यास केला तेव्हा अहिंसक चळवळी ५३ टक्के वेळा यशस्वी झालेल्या दिसल्या, सशस्त्र चळवळी फक्त २६ टक्के.

याचं कारण आपल्याच इतिहासात आहे. ज्या पठाणांच्या घराघरात बंदूक होती, त्यांना खान अब्दुल गफ्फार खान यांनी खुदाई खिदमतगार बनवलं. २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्साखानी बाजारात अनेक जण शहीद झाले. पण गढवाली सैनिकांनी निःशस्त्र लोकांवर गोळी चालवायला नकार दिला. समोरून बंदूक रोखली असती तर त्यांचे हात थांबले असते का?

राहता राहिली घरातली बंदूक. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. जालीम सरकारच्या भीतीने आणलेलं हत्यार बहुतेकदा घरच्याच माणसाचा जीव घेतं. सरकारवर संशय घेणं गुन्हा नाही, ते नागरिकाचं कामच आहे. पण त्यासाठी कोर्ट, मतदान, वर्तमानपत्रं आणि संघटना मजबूत ठेवाव्या लागतात. तिथे राहणाऱ्या आपल्या मुलांशी बोलताना आपण हेच सांगायला हवं.