न्युट्रोफिलची उपासमार

यकृत वाढलेले, दोन तास दूध न मिळाले की घसरणारी साखर, चढलेले लॅक्टेट. अशा बाळाचे निदान ‘ग्लायकोजन साठवणुकीचा विकार, प्रकार एक’ इथवर आपण बरोबर पोचतो. कच्च्या कॉर्नफ्लोअरचे वेळापत्रक आईच्या हाती पडते आणि तोंडातले व्रण, गुदद्वाराजवळचे गळू, पाचशेखाली गेलेले न्युट्रोफिल यांचे खापर कुपोषणावर फुटते.

प्रकार १ए मधले सदोष विकर प्रामुख्याने यकृत, मूत्रपिंड आणि आतड्यातले. १बी मध्ये बिघडते ते एसएलसी३७ए४ जनुकाचे वाहक प्रथिन. ते जवळपास सगळ्याच पेशींत असते, न्युट्रोफिलांतही; म्हणून ते व्रण आणि गळू. २००९ मध्ये जी६पीसी३ या जनुकातल्या दोषानेही जन्मजात न्युट्रोपेनिया होतो हे कळले. या मुलांची साखर ठणठणीत, मात्र त्वचेखाली निळ्या शिरा ठळक आणि अनेकदा हृदयात दोष. म्हणजे चयापचयाच्या ओपीडीत त्यांना कुणी पाठवणारच नाही.

दोन्हींचा धागा २०१९ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी जोडला. आहारातून १,५-अनहायड्रोग्लुसिटॉल नावाचा शर्करेसारखा पदार्थ रक्तात येतो. पेशी त्याला ग्लुकोज समजून फॉस्फेट चिकटवते; ते सोडवण्याचे काम या दोन प्रथिनांचे. ते झाले नाही तर हा कचरा साचून हेक्सोकायनेजच अडवतो. ग्लुकोजवर जगणारा न्युट्रोफिल भरल्या ताटावर उपाशी राहतो.

उपाय मधुमेहाच्या कपाटात निघाला. एम्पाग्लिफ्लोझिनने लघवीतून ग्लुकोज जाते, त्यासोबत हा पदार्थही. २०२० मध्ये १बी च्या चार रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध झाला: व्रण भरले, संसर्ग घटले, जी-सीएसएफची गरज कमी झाली. प्लीहा वाढवणाऱ्या आणि दीर्घकाळात रक्ताच्या कर्करोगाची धास्ती लावणाऱ्या त्या इंजेक्शनांपुढे ही गोळी केव्हाही बरी. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपल्यावर आपल्याकडे ती स्वस्तही झाली.

तरी हा वापर परवान्याबाहेरचा आहे. डोस कमीतून सुरू करावा, साखर घरी तपासावी, ताप-उलटीत गोळी थांबवावी. एका सीबीसीवर विसंबू नये. न्युट्रोफिल सुरुवातीला ठीक असून पुढे घसरू शकतात. आणि लघवीच्या तपासणीत ‘साखर चार प्लस’ येणारच, हे पालकांना व गावच्या डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहून द्यावे, नाहीतर कुणीतरी मधुमेह समजून इन्सुलिन सुरू करायचा.