आरोग्यविचार : गुडघ्यातील बंध

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या जळगाव जामोद गावी मुले कबड्डी खेळू लागली, की 'गुडघा मुरगळला' ही तक्रार घरोघर ऐकू येते. मग कढत तेलाने मालीश होते आणि चार दिवसांनी मूल पुन्हा मैदानावर जाते. या रूढीविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

सुश्रुताने जानूची गणना मर्मांत केली असून तेथील आघाताचे फळ 'खंजता', म्हणजे लंगडेपण, असे सांगितले आहे. स्नायू म्हणजे त्याच्या मते सांधे बांधणारे बंध. बांधलेल्या फळ्यांची नाव भार वाहते, तसे शरीर त्यांच्या आधारे उभे राहते.

आधुनिक शास्त्राप्रमाणे गुडघ्यात असे मुख्य बंध चार : दोन बाजूंस व दोन आत, एकमेकांस फुलीप्रमाणे छेदणारे. आतील पुढचा बंध जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरांचा. पण नडगीचे हाड पुढे सरकू न देणे व पिळू न देणे हे त्याचे कार्य होय. पाय रोवलेला असता अंग एकाएकी वळले, की तो तुटतो. पुष्कळदा कोणाचा धक्काही लागत नाही. आत 'कट्' असा आवाज, काही तासांतच सूज आणि पुढे वळताना गुडघा दगा देणे, ही त्याची लक्षणे. क्ष-किरणांच्या चित्रात हाडे दिसतात, बंध दिसत नाही. तेव्हा 'हाड शाबूत आहे' एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

बाजूचा आतला बंध बहुधा शस्त्रक्रियेवाचून जुळतो. हा मात्र पूर्ण तुटल्यास सहसा आपोआप सांधत नाही. कोणाचे व्यायामाने भागते. कोणास स्वतःचीच कंडरा काढून नवा बंध बसवावा लागतो, व मग खेळास सुमारे नऊ महिने थांबणे इष्ट. घाई केल्यास सांध्यातील कूर्चेची गादी फाटते आणि ऐन उमेदीत सांधा झिजू लागतो.

१९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव गुडघ्याच्याच दुखापतीमुळे पुढील ऑलिंपिकला मुकले. मल्लाची ही गत, तर कोवळ्या मुलांची काय कथा? मुलींस तर ही इजा अधिक संभवते, आणि उपेक्षाही त्यांचीच अधिक होते.

म्हणून प्रथम मालीश नको. बर्फाचा शेक, पट्टी व विश्रांती द्यावी, आणि सूज आलेला गुडघा अस्थितज्ज्ञास अवश्य दाखवावा.