परीक्षा कुणाच्या मुलांची?

११ मार्च २०१८ रोजी मुंबईच्या सोमय्या मैदानावर मुक्कामास आलेले नाशिकचे शेतकरी मोर्चेकरी उजाडण्याची वाट न पाहता मध्यरात्रीनंतर आझाद मैदानाकडे चालू लागले. दहावीच्या परीक्षा चालू होत्या. दिवसा रस्ते अडले तर मुंबईच्या मुलांना केंद्रावर वेळेत पोहोचता येणार नाही, हा त्यामागील विचार. सहा तारखेला नाशिकहून निघून सुमारे १८० किलोमीटर चाललेल्या या माणसांच्या पायांची दशा छायाचित्रांतून महाराष्ट्राने पाहिली. त्यांच्या समंजसपणाचे कौतुक झाले, ते रास्तच होते. परंतु हे चालणारे लोकही आई-बापच होते. त्यांची स्वतःची मुले कोणत्या शाळेत होती, होती की नव्हती, याची चौकशी त्या कौतुकात फारशी कुणी केली नाही.

कसत असलेली वनजमीन आपल्या नावावर व्हावी, ही त्यांची प्रमुख मागणी. २००६ च्या कायद्याने हा हक्क मान्यच केला आहे. १२ मार्चला शासनाने लेखी आश्वासन दिले. तरी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातून मोर्चे निघावे लागले. जमिनीच्या पट्ट्याचा मुलांच्या संगोपनाशी काय संबंध, असे शहरी वाचकाला वाटेल. संबंध अगदी निकटचा आहे. सुरगाणा, पेठ या तालुक्यांत पाऊस भरपूर, पण तो डोंगरउतारावरून वाहून जातो. भात, नागली, वरई निघाली की शेत उघडे पडते. नावावर नसलेल्या जमिनीत विहिरीसाठी कर्ज वा अनुदान मिळणे दुरापास्त. विहीर नाही म्हणून दुसरे पीक नाही. आणि पीक नाही म्हणून दिवाळीच्या सुमारास कुटुंब दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांची वाट धरते. ऑक्टोबरच्या छाटणीपासून मार्च-एप्रिलच्या तोडणीपर्यंतचा तो हंगाम म्हणजे शाळेचे अर्ध्याहून अधिक वर्ष.

मुलाचे काय करावयाचे, हे त्या आई-बापांना तेव्हाच ठरवावे लागते. बरोबर न्यावे तर शाळा सुटते. त्यातून मोठी मुलगी असली तर ती न्यावीच लागते, कारण काम एकरी उक्ते. दोघांनीही सकाळपासून बागेत राबावे तेव्हा कुठे चार पैसे सुटतात, आणि तान्ह्याच्या झोळीपाशी कुणी तरी हवे. आजीपाशी ठेवावे तर उन्हाळ्यात आजीलाच पाणी कुणी आणून द्यावयाचे? राहता राहिली आश्रमशाळा. ‘पोर शाळेत टाकले’ हा आपला साधा वाक्प्रयोग. सहा वर्षांचे लेकरू तिथे सोडून परतणाऱ्या आईच्या तोंडी तो अक्षरशः खरा होतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याला निवड म्हणतात. तीन तोट्यांपैकी एक पत्करण्यास निवड म्हणणे ही त्या शास्त्राची सोय आहे, त्या आईची नव्हे.

येथे संस्कारांचा दाखला हमखास दिला जातो. नाशिकच्याच तुरुंगात १९३३ साली साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली, आणि दारिद्र्यातही आई मुलाला किती देऊ शकते हे महाराष्ट्र त्या पुस्तकातून शिकला. परंतु ती आई कर्जाच्या तगाद्याने खचत खचत अकाली गेली, हेही त्याच पुस्तकात आहे. आपण तेथे डोळे पुसतो आणि पान उलटतो. आईची थोरवी गाणाऱ्या समाजाने तिचे कर्ज हा तिचा खाजगी प्रश्न मानावा, हे सोयीचे खरे, पण न्यायाचे नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर भरू लागल्या, तेव्हाही साधन पुरविण्याचा भार पालकांवरच पडला. ज्या पाड्यावर रेंजच नव्हती तेथील पालक त्या हिशेबात धरलेच गेले नाहीत.

पट्टे मिळेपर्यंत काहीच करता येणार नाही, असे मात्र नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर आलेल्या स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांपैकी एकीने ती सांभाळावीत आणि तिला मजुरी मिळावी, अशी तरतूद करण्यात आली होती. द्राक्षबागेत पाचाऐवजी पंधरा मुले असली तरी ती कुणाची जबाबदारी ठरत नाहीत. निर्यातीच्या द्राक्षांत औषधाचा अंश किती, हे तपासणारी यंत्रणा उभी राहू शकते, तर त्याच बांधावर एक पाळणाघर उभे राहण्यास अडचण कोणती? ऊसतोडणीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी बीड-जालन्याकडे हंगामी वसतिगृहे चालविली गेली. मूल गावातच राहते, त्याच्या जेवणाची सोय होते. ती उशिरा सुरू होतात ही तक्रार जुनी आहे. सुरगाणा-पेठसाठी ती दिवाळीच्या सुट्टीपूर्वी उघडावी लागतील, कारण सुट्टीत गेलेले मूल परत येत नाही. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिक शहरातच आहे. द्राक्षाची छाटणी केव्हा सुरू होते, हे विचारण्यास तेथील अधिकाऱ्यांना फार दूर जावे लागणार नाही.