रस्त्यावरील गायकवादकांचीं चित्रें: रंगीत कीं कृष्णधवल?

गेल्या नाथषष्ठीच्या यात्रेनंतर आमच्या विद्यालयाच्या चित्रकलेच्या वर्गांत विद्यार्थ्यांनीं काढिलेल्या छायाचित्रांचें एक लहानसें प्रदर्शन मांडण्यांत आलें होतें. यात्रेंत गाऊन-वाजवून पोट भरणारे लोक, हा विषय होता. वासुदेव, गोंधळी, वाघ्या, पोतराज, भराडी, एकतारीवर भजन म्हणणारे एक वृद्ध अंध गृहस्थ, असे वीस-एक चेहरे भिंतीवर होते. मुलांची नजर चांगली आहे, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. परंतु एक गोष्ट आमच्या मनास लागून राहिली. दोन-तीन चित्रें सोडल्यास बाकी सारीं कृष्णधवल होतीं. मोबाइलच्या क्यामेऱ्यांतून चित्र रंगीतच निघतें. अर्थात् हे रंग कोणी तरी मुद्दाम काढून टाकिले होते. कारण विचारतां उत्तर मिळालें, कीं कृष्णधवल चित्र गंभीर दिसतें, जुनें दिसतें, आणि रंगीत चित्र बाजारी दिसतें. हें मत केवळ आमच्या मुलांचें नव्हे. मोठ्या शहरांतील प्रदर्शनांतूनही तेंच आढळतें. यास्तव त्याचा थोडा परामर्श घ्यावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम या मंडळींच्या रंगांविषयीं. श्रीमंतानें भरजरी वस्त्र ल्यावें ती हौस होय. गोंधळ्याच्या कपाळावरील कुंकवाचा मळवट ही हौस नव्हे. ती त्याची ओळख आहे, आणि परक्याच्या दारांत उभें राहण्याचा त्याचा अधिकारही त्यांतच आहे. कुंकू दिसलें कीं देवी आणि हळद दिसली कीं खंडोबा, ही खूण आपल्याकडील लहान पोरासही सांगावी लागत नाहीं. वासुदेवाच्या टोपीचीं मोरपिसें कृष्णाची आठवण देतात. पोतराजाच्या कमरेचा घागरा नाना रंगांच्या चिंध्यांचा असतो. त्यांतील रंग काढले म्हणजे नुसत्या चिंध्या उरतात. एका विद्यार्थ्यानें वाघ्याचें कृष्णधवल चित्र छापून त्यास नेऊन दाखविलें. म्हाताऱ्यानें तें बराच वेळ न्याहाळिलें व मग म्हटलें, “चांगलं काढलंस, लेकरा, पण ह्यात भंडारा कुठं हाय?” भंडारा चित्रांत होता, कपाळभर होता. पण राखेच्या रंगाचा भंडारा त्यास ओळखतां आला नाहीं, आणि त्यांत दोष त्याच्या डोळ्यांचा नव्हता.

हें पैठणच्या माणसास तरी पटावयास कठीण जाऊं नये. १५९९ सालीं फाल्गुन वद्य षष्ठीस ज्या नाथांनीं येथें गोदेच्या कांठीं देह ठेविला, त्यांनीं आपल्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी, फकीर यांच्या तोंडून परमार्थ बोलविला. हे लोक त्यांस रोज रस्त्यांत भेटत असले पाहिजेत. ऐकणाऱ्यासही त्यांचा वेश ठाऊक होता; म्हणूनच तें रूपक ऐकतांच उमगे. आणि ज्या गांवाचें नांव जगांत पैठणीच्या मोरांमुळें चालतें, त्या गांवांत रंगाला बाजारी म्हणावें, हें ऐकून आम्हांस थोडें हसूंही आलें. पैठणीचें कृष्णधवल चित्र काढून कोणा विणकरानें दुकानांत टांगलेलें आम्हीं अद्याप पाहिलें नाहीं.

आतां कृष्णधवल चित्र अधिक खरें असतें, असा जो समज आहे त्याकडे वळूं. एकोणिसाव्या शतकांत छायाचित्रें काचेवर घेत. त्या काचेवरील रसायनास केवळ निळा व जांभळा प्रकाशच कळे. पिवळा व तांबडा जवळजवळ कळतच नसे. परिणाम असा, कीं निळें आकाश पांढरें उमटे, आणि हळद व कुंकू दोन्ही काळीं उमटत. १८७३ सालीं हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञास असें आढळलें, कीं रसायनांत विशिष्ट रंगद्रव्य मिसळल्यास त्यास इतर रंगही कळूं लागतात. तथापि सर्व रंग जाणणाऱ्या काचा विक्रीस येण्यास १९०६ साल उजाडलें. म्हणजे १८६८ ते १८७५ या काळांत ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नांवानें या देशांतील लोकांच्या छायाचित्रांचे जे आठ खंड निघाले, अथवा ज्या हैदराबाद संस्थानांत पैठण १९४८ पर्यंत होतें त्या संस्थानचे प्रख्यात छायाचित्रकार राजे दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनीं जीं असंख्य चित्रें घेतलीं, त्यांच्या वेळीं हळद माखलेल्या चेहऱ्याचें खरें रूप काचेवर उतरविणें कठीण होतें. शिवाय चित्र उमटण्यास वेळ लागे. वाजविणाऱ्याचा हात हलला तर तो पुसट होई. तेव्हां वादकास वाद्य हातांत धरून, न वाजवितां, निश्चळ बसविण्याची रीत पडली. मुकें वाद्य आणि काळी हळद, हें त्या काळचें सत्य नव्हे. ती त्या काळच्या साधनांची अडचण होती.

आजची गोष्ट तर आणखी विचित्र आहे. रंगीत चित्राचें कृष्णधवल करितांना पिवळा किती उजळ ठेवावा, तांबडा किती गडद करावा, हें मोबाइलवर बोट सरकवून ठरवितां येतें. एकाच वाघ्याचा एकच भंडारा एकाच्या हातीं पिठासारखा पांढरा होतो, दुसऱ्याच्या हातीं कोळशासारखा. मग यांत खरेपणा तो कोणता?

आमच्या वडीलमंडळींना कृष्णधवल आवडे म्हणून तें चाले, असेंही नाहीं. १९३५ सालीं प्रभात कंपनीनें नाथांच्या चरित्रावर ‘धर्मात्मा’ हा बोलपट काढिला. दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि नाथांच्या भूमिकेंत बालगंधर्व! तो कृष्णधवल होता, कारण दुसरा सोयीचा मार्ग नव्हता. याच कंपनीनें १९३३ सालीं ‘सैरंध्री’ रंगीत करण्यासाठीं केवढा खटाटोप केला. चित्रफितीवरील संस्कारांसाठीं जर्मनी गांठिली. पण रंग मनासारखे साधले नाहींत. पालकांनीं आपल्या घरच्या जुन्या पेट्या उघडून पाहाव्या. आजोबांच्या चित्रांतील पागोट्यास कुंचल्यानें तांबडा रंग दिलेला आणि आजीच्या शालूवर हिरवा फिरविलेला पुष्कळ ठिकाणीं सांपडेल. आजोबांची जी अडचण होती, ती नातवांनीं दागिना म्हणून अंगावर घातली आहे.

आणि स्वतः गाणाऱ्यांचा कल कोणीकडे आहे? चित्रकथी लोक रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं चित्रें एकेक पुढें धरून गातात. त्या चित्रांतील एका परंपरेस अभ्यासक आपल्याच गांवाच्या नांवानें ‘पैठण शैली’ म्हणतात. आज ही कला मुख्यतः सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजानें राखिली आहे, आणि तेथील परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. काळ्या रेषेच्या आंत तांबडा, हिरवा, निळा, पिवळा असे ठसठशीत रंग भरलेलीं तीं चित्रें पाहतां, रस्त्यावर गाणाऱ्यास रंगाची लाज वाटत होती असें म्हणवत नाहीं.

इतकें म्हटलें तरी कृष्णधवलाचा आम्ही सर्वस्वीं धिक्कार करीत नाहीं. प्रदर्शनांतील सर्वोत्तम चित्र कृष्णधवलच होतें. तें त्या एकतारीवाल्या अंध गृहस्थांचें. अंगांत साधा सदरा, डोक्यास मळकें मुंडासें, आणि तारेवरील बोट. त्यांच्यामागें निळी ताडपत्री आणि कुठल्याशा शीतपेयाची भडक पाटी होती, असें चित्र काढणारानेंच सांगितलें. रंगीत चित्रांत तीं दोन्ही आधीं दिसलीं असतीं व गाणारा मागाहून. येथें रंग काढल्यानें त्यांचें कांहींच गेलें नाहीं. जो रंग गेला तो बाजाराचा होता. वासुदेवाच्या चित्रांत मात्र पुष्कळदां उलट घडतें: पाहणाऱ्याची दृष्टि टोपीशींच अडते आणि टोपीखालचा थकलेला माणूस दिसत नाहीं, ही मुलांची तक्रार आम्हांस मान्य आहे. मोबाइल रंग वाजवीपेक्षां भडक करितो, हेंही खरें. रात्रीच्या गोंधळांत दिवटीच्या उजेडाचा तो असा कांहीं नारिंगी चिखल करितो, कीं संबळावर पडणारी काठी आणि तुणतुण्यावरील हात हीं पाहावयाचीं असतील तर रंग काढणेंच बरें. परंतु टोपीवर उपाय म्हणजे जवळ जाणें, बोलणें, टोपी काढून तो चहा पीत असतां त्याच्या अनुमतीनें दुसरें चित्र घेणें. त्यासाठीं मोरपिसांचा रंग मारण्याचें कारण नाहीं.

आमचा खरा आक्षेप मुलांच्या त्या “जुनें दिसतें” या शब्दांस आहे. ज्यांचें चित्र काढिलें तीं माणसें जुनीं नाहींत. प्रदर्शनाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘लुप्त होत चाललेली लोककला’ असें लिहिलें होतें. आणि त्याखालीं ज्याचें चित्र होतें तो वासुदेव दुसऱ्याच दिवशीं पहांटे चिपळ्या वाजवीत आमच्या आळींतून गेला. गोंधळ्याच्या पिशवींत संबळाच्या काठीशेजारीं मोबाइल असतो, आणि लग्नघरचें बोलावणें त्यास त्यावरच येतें. वासुदेव, गोंधळी, भराडी, चित्रकथी हीं नांवें महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादींत आहेत. त्या घरांतील मुलें आज शाळांच्या बाकांवर बसतात, आमच्याही बसतात. त्यांतील एखाद्यानें आपल्या चुलत्याचें चित्र भिंतीवर मृतांच्या तसबिरीसारखें करडें केलेलें आणि वर ‘लुप्त’ हा शब्द लिहिलेला पाहिला, तर त्यानें काय समजावें? वर्गमित्रांचीं सहलीचीं चित्रें सारीं रंगीत, आणि चुलत्याचें तेवढें करडें! गरिबाचा चेहरा करडाच शोभतो, असा अर्थ त्यानें काढिला तर त्यास आम्ही कोणत्या तोंडानें चूक म्हणावें?

त्या आठ खंडांत माणसांखालीं बहुधा जमातीचें नांव असे, माणसाचें नसे. आमच्या भिंतीवरही ‘वासुदेव’, ‘गोंधळी’, ‘पोतराज’ एवढेंच होतें. चित्रकलेच्या शिक्षकांशीं बोलून असें ठरविलें आहे, कीं येत्या षष्ठीस जें चित्र काढावयाचें त्याच्या धन्यास प्रथम विचारावें, आणि त्याची हरकत नसेल तर त्याचें नांव, गांव व वाद्य चित्राखालीं लिहावें. रंगीत व कृष्णधवल अशा दोन्ही प्रती काढून त्याच्यापुढें धराव्या. जी त्याला आवडेल ती भिंतीवर, आणि तिचीच दुसरी प्रत त्याच्या घरीं. यंदाच्या वाघ्यास भंडाऱ्याच्या रंगाची प्रत अद्याप पोंचलेली नाहीं. ती छापून तयार आहे, आणि तो कोठें उतरतो हें नववीच्या मुलांस ठाऊक आहे.