नग्न आणि अश्लील

दिवाळीच्या सुट्टींत केनवड येथील एका स्नेह्यांनीं आम्हांस तातडीनें बोलावून घेतलें. चित्रकला शिकणाऱ्या नातवाच्या वहींत विवस्त्र स्त्रीचीं रेखाटनें सांपडलीं होतीं, आणि वही बंबांत घालावी असें घरांत ठरलें होतें. आम्हीं ती चाळली. एकच गुडघा मुलानें तीन वेळां खोडून पुन्हा काढला होता. वासनेस गुडघ्याची एवढी काळजी कोठून असणार!

आमच्याच जिल्ह्यांत, शिरपूरच्या दिगंबर मूर्तींपुढें हात जोडतांना कोणास संकोच वाटत नाहीं. उलट अंगभर वस्त्र ल्यालेलें चित्रही, पाहणाराच्या चैनीसाठीं माणसाची वस्तु करीत असेल, तर आम्ही त्यास अश्लील म्हणूं. गोमंतकांत जन्मलेले सूझा व मुंबईचे अकबर पदमसी यांच्या सात कलाकृति सीमाशुल्क खात्यानें २०२३ सालीं अडकविल्या होत्या. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतें, असें बजावून मुंबई उच्च न्यायालयानें २५ ऑक्टोबर २०२४ रोजीं जप्तीचा आदेश रद्द केला. पदमसींवर १९५४ सालींही हाच आरोप आला होता. ते निर्दोष सुटले.

हा वाद आमच्या साहित्यशास्त्रास नवा नाहीं. देवतांचा संभोगशृंगार वर्णिणें मम्मटानें आईबापांचा शृंगार वर्णिण्याइतकें अनुचित मानलें; ‘कुमारसंभवां’तील तो दोष कालिदासाच्या प्रतिभेनें झांकला जातो, असें आनंदवर्धनाचें मत. खरें सांगावयाचें तर, वर्गांत आठवा सर्ग आम्हींही कधीं उघडला नाहीं. तें औचित्य होतें कीं भित्रेपणा, हें अद्याप आम्हांस ठरवितां आलेलें नाहीं.

वही मुलास परत मिळाली. ती देवघरांत ठेवूं नये, एवढी अट मात्र आजीबाईंनीं घातली.