गुलामांच्या शृंखला कोणी तोडल्या?

अमेरिकेतील गुलामगिरी कोणी नष्ट केली, असे विचारले तर बहुतेकांच्या ओठांवर अब्राहम लिंकन हे एकच नाव येते. लिंकन थोर होते, यात शंका नाही. १ जानेवारी १८६३ रोजी त्यांनी बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्ततेची घोषणा केली. परंतु सारे श्रेय एकट्या त्यांना देणे न्यायाचे होणार नाही.

मुलांनो, सर्व माणसे जन्मतः समान आहेत, असा उद्घोष १७७६ साली करणाऱ्या त्या देशात १८६० साली सुमारे ४० लक्ष माणसे गुलाम होती. बाजारात त्यांची खरेदी-विक्री होई. आईपासून लेकरे तोडली जात. हा अन्याय काही जणांच्या जिव्हारी लागला. विल्यम लॉइड गॅरिसन यांनी १८३१ साली बॉस्टन येथे ‘लिबरेटर’ म्हणजे ‘मुक्तिदाता’ हे साप्ताहिक काढले. १८३५ साली संतप्त जमावाने त्यांना दोरीने बांधून रस्त्यांतून ओढीत नेले. तरीही त्यांची लेखणी थांबली नाही.

गुलामही स्वस्थ बसले नव्हते. छोट्या फ्रेडरिक डग्लसला मालकीण मुळाक्षरे शिकवू लागली, तेव्हा मालकाने तिला रोखले. शिकलेला मनुष्य गुलाम राहत नाही, हे तो जाणून होता. फ्रेडरिकनेही ते हेरले. गोऱ्या मुलांना पावाचे तुकडे देऊन तो त्यांच्याकडून वाचावयास शिकला, १८३८ साली निसटला आणि पुढे आपल्या वाणीने व लेखणीने त्याने सारा देश हालवून सोडला. हॅरिएट टबमन १८४९ साली स्वतः मुक्त झाल्या. पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. जिवावर उदार होऊन त्या पुनःपुन्हा परतल्या आणि सुमारे ७० जणांना त्यांनी सोडवून आणले. पुढे यादवी युद्धात सुमारे २ लक्ष कृष्णवर्णीयांनी शस्त्र हाती धरले.

राजसत्तेवाचून कायदा होत नाही, हे खरे. डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्ती झाली, तेव्हाच गुलामगिरी कायद्याने संपली. पण कायद्याच्या रोपट्याला आधी लोकांच्या मनाची भूमी नांगरावी लागते.

महात्मा जोतीराव फुले यांनी हे अचूक ओळखले होते. १८७३ साली लिहिलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी कोणा एका राष्ट्राध्यक्षाला नव्हे, तर गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला.

अन्याय दूर करण्यास एखादा महापुरुष येईल, म्हणून वाट पाहत बसू नये. अन्यायाला अन्याय म्हणण्याचे धैर्य दाखविणारी साधी माणसेच महापुरुषांची वाट तयार करीत असतात.